आधी पुसून घे

संध्याकाळच्या पाळीत, सहा नंबरच्या खुर्चीवर
ऑल्विन स्केल्टनच्या दंडातली सुई निसटली
आणि मशीन ओरडायच्या आत
फरशीवर वाटीभर रक्त.
तो माफी मागत राहिला,
पाहुणा म्हणून गेलेल्या घरी चहा सांडल्यासारखी.

नर्सेस त्याच्याकडे धावल्या.
फरशी माझ्याकडे आली.

डेक्लन नवा, हाताला भारी घाई.
क्लोरिनच्या गोळ्या बादलीत विरघळवून
सरळ रक्तावरच ओतायला लागला.
लाल होतं ते तपकिरी झालं, फेसाळलं,
आणि नाकात चढणारा तो तरणतलावाचा वास
बघता बघता बसला.
"मेले सगळे," तो म्हणाला, खूश होऊन.

थांब रे बाबा.
वास गेला तो जंतूंचा नव्हता.
औषध गेलं.

मिरजेच्या प्रयोगशाळेत मी आधी नळ्या धुवायचे,
मग भरायलाही शिकले.
एकीत जंतू आणि ब्लीच.
दुसरीत तेच जंतू, तेच ब्लीच, घड्याळही तेच,
वर फक्त तांबड्या पेशींचे दोन थेंब.
सकाळी पहिली बशी कोरी.
दुसरीवर वसाहती,
भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या, निवांत.
नुसता रक्तद्रव घातला तर ब्लीच जरा तरी धरून राहायचं.
पेशी पडल्या की संपलंच.
वहीत लिहिलं होतं मी हे,
निळ्या शाईनं, चार महिने.

क्लोरिनला शत्रू ओळखता येत नाही.
जो पहिला भेटेल त्याच्यावर सगळं उधळून मोकळं,
पगाराच्या रात्री माझा धाकटा दीर घरी यायचा तसं,
खिसे उलटे आणि चेहऱ्यावर हसू.
आणि पहिली भेटते ती तांबडी पेशी,
कारण त्याच असतात कोट्यवधी.
जन्मभर प्राणवायू वाहिलेला,
समोर येईल ते अंगावर घ्यायची सवय.
शरीर सुटलं तरी सवय सुटत नाही.
पाठीमागे कोण दडलंय हे वळूनही न बघता
वार झेलत राहतात,
आणि त्यांच्या आडोशाला
तो एक बारकासा, नको असलेला जीव
शाबूत.

हे सगळं डेक्लनला सांगायला
मी इंग्रजी गोळा करत होते
तेवढ्यात डोरीन ब्लँचर्ड आली, आमची सुपरवायझर,
जिची अर्धी हयात ग्रिम्सबीच्या मासळी गोदीत गेली,
हॅडॉकची पोटं फाडण्यात.
बादलीत डोकावली, फरशी बघितली.
"घाणीवर ओतलंस? औषध घाण खाईल की जंतू?
आधी पुसून घे, पोरा. मग बाकीचं."

माझी चार महिन्यांची वही
तिनं एका दमात वाचून दाखवली.

मग आम्ही पुसलं.
कागदी टॉवेल टाकले, ते हळूहळू लाल होऊ दिले,
उचलले, नारिंगी पिशवीत घातले, पुन्हा टाकले.
डेक्लनला खुर्चीच्या चाकांमागचं दाखवलं,
तिथं नेहमी राहतं.
फरशी नुसती ओलसर, गुलाबीसुद्धा नाही, इतकी झाली
तेव्हा ताजं पाणी, नव्या गोळ्या, पुरती मात्रा,
आणि घड्याळाकडे बघत उभं राहणं.
हे उभं राहणंच कुणाला जमत नाही.

पट्टी बांधलेला हात छातीशी धरून
ऑल्विन पिशवीकडे बघत होता.
"ते परत घालता नसेल येत?"
थट्टा होती. अर्धी.
मी मान हलवली, आणि मग उगीचच
त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

दहाच्या बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली.
माझ्या मनगटांना क्लोरिनचा वास येत होता,
चांगला उग्र.
येऊ दे.
म्हणजे आज थोडं उरलं.